शाळेत जाऊन बघा : पालकांची पत्रं, बाईंची उत्तरं

या वेळी पत्रं नेहमीपेक्षा जास्त आलीत आणि सगळी एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिलीला हिंदी आहे का नाही, सीबीएसई म्हणजे काय, शाळेच्या जेवणातली अंडी का बंद झाली, पट म्हणजे मुलांची संख्या कमी झाली तर शाळा जाणार का, आणि ग्रुपवर रोज येणाऱ्या फोटोंचं करायचं काय. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांवर एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी दोन शिक्षकी शाळेत, म्हणजे पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी गुरुजींकडे, आणि गुरुजी मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याच गळ्यात. तिथे जे बघितलं त्यातूनच उत्तरं देतेय. नावं कुणाचीच छापत नाही, शाळेचं नाव तर अजिबातच नाही, म्हणून मोकळेपणाने लिहीत जा.

बाई, नमस्कार. माझी मुलगी दुसरीला आहे. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज वीस-वीस फोटो येतात, वृक्षारोपण, हात धुवायचा कार्यक्रम, वेशभूषा, बालसभा, सगळं छान दिसतं, सर खूप मेहनत घेतात यात शंका नाही. पण घरी पुस्तक दिलं की ती घडाघडा म्हणते आणि दुसरं काही वाचायला दिलं की गप्प बसते. ती खरंच वाचते का हे मी कसं ओळखायचं? मी स्वतः नववीपर्यंतच शिकलेय.
— एक आई, जि. बुलढाणा

ताई, तुम्ही अर्धं उत्तर प्रश्नातच लिहिलंय. ती पुस्तक म्हणते, वाचत नाही. मुलांच्या कानाला पाठ बसलेला असतो, चित्र दिसलं की ओळ आठवते आणि तोंड चालू होतं, बोट मात्र भलत्याच शब्दावर असतं. वर्गात सगळी एका सुरात म्हणतात तेव्हा शिक्षकाच्यासुद्धा हे पटकन लक्षात येत नाही. माझ्याही आलेलं नाही एक-दोन पोरांच्या बाबतीत, दिवाळीनंतर कळलं, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं.

तुम्ही एवढंच करा, एका कागदावर तिच्या घरातलंच काहीतरी मोठ्या अक्षरात लिहा. "मनी माऊ चुलीजवळ झोपली." "बाबा बाजारातून पेरू आणणार आहेत." जे तिने कुठेच पाठ केलेलं नाही असं. बोट ठेवून वाचायला सांगा, मग विचारा बाबा काय आणणार आहेत? पेरू म्हणाली तर ती वाचतेय, मग भले अडखळत का असेना. जोडाक्षराला अडली तर काळजी करू नका, काना-मात्रा-वेलांटीला अडत असेल तर मात्र लक्ष द्यायला हवं.

आता सरकारने काय ठरवलंय ते सांगते म्हणजे तुम्हाला शाळेत बोलता येईल. निपुण भारत म्हणून कार्यक्रम २०२१ पासून देशभर चालू आहे, आपल्याकडे तो निपुण महाराष्ट्र. त्यात इयत्तेप्रमाणे ठरवून दिलंय की पहिलीच्या शेवटी मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या याव्यात. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत संख्या, तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, आणि संख्या ९,९९९ पर्यंत. हे वर्षाच्या शेवटचं आहे हां, आज लगेच मोबाईलचं घड्याळ लावून तिच्यासमोर बसू नका, मूल घाबरतं आणि येत असलेलं पण विसरतं. मोजायचंच तर तिला कळू न देता मोजा.

आणि मग तो कागद घेऊन सरांना भेटा. ग्रुपवर लिहू नका, भेटा. "सर, ती वेलांटीला अडते, काय करू घरी?" असं विचारलंत की सरांना पण बरं वाटतं, कारण शाळेत येणारे निम्मे पालक दाखला नाहीतर शिष्यवृत्तीचा फॉर्म याच कामाला येतात.

फोटोंवर रागावू नका. कितीतरी फोटो शिक्षकांना वरून मागितलेले असतात, लिंक भरायची असते, पुरावा जोडायचा असतो. पण त्यातला एक फोटो नीट बघत जा, बालसभेचा. बालसभेत अध्यक्ष मूल असतं, सूत्रसंचालन मूल करतं, कुणी गोष्ट सांगतं, कुणी कागदावरून बातम्या वाचतं. दरवेळी तीच चार हुशार पोरं दिसत असतील तर सरांना गोडीत सांगा की पुढच्या वेळी आमच्या पोरीला दोन ओळी द्या. मी एका अजिबात न बोलणाऱ्या मुलाला फक्त "आता आपण आभार मानूया" एवढं वाक्य दिलं होतं, तो आठ दिवस गोठ्यात म्हशींसमोर त्याची प्रॅक्टिस करत होता असं त्याच्या आईने सांगितलं. तिसरीत गेल्यावर तोच मुलगा वर्गाचा मंत्री झाला.

पहिलीपासून हिंदी आहे की नाही एकदा स्पष्ट सांगा. सोसायटीत प्रत्येकजण वेगळंच सांगतोय.
— एक बाबा, जि. ठाणे

दादा, क्रमाने सांगते. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय निघाला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य. त्यावर राज्यभर विरोध झाला. १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यात अनिवार्य शब्द काढला आणि "सर्वसाधारणपणे" असं आलं, दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलांची मागणी पाहिजे अशी अट घातली. लोकांना तेही पटलं नाही. शेवटी २९ जून २०२५ ला दोन्ही निर्णय रद्द केल्याचं सरकारने जाहीर केलं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. म्हणजे २०२५-२६ ला पहिलीत गेलेल्या मराठी शाळेच्या मुलांना मराठी आणि इंग्रजी या दोनच भाषा.

माझं मत विचाराल तर सहा वर्षांच्या मुलाला घरची भाषा नीट वाचता-लिहिता यायच्या आधी तिसरी भाषा शिकवायची घाई नको. लिपी देवनागरीच आहे म्हणून सोपं जाईल असं म्हणणाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात एक आठवडा बसून बघावं. हिंदीत "की" वेगळी, मराठीत "की" वेगळी, पोरं ऱ्हस्व-दीर्घाचा असा काही गोंधळ घालतात की पुढे चौथीपर्यंत तो निघत नाही. आणि मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, नंदुरबारला भिली-पावरी बोलणाऱ्या मुलांना मराठी हीच मुळात शाळेत आल्यावर भेटणारी भाषा असते. त्यांचा विचार या सगळ्या वादात फार थोड्या लोकांनी केला याचं मला मनापासून दुःख आहे.

आमच्या गावच्या शाळेत आता सीबीएसई आलं म्हणतात. मग पुस्तकं इंग्रजीतून घ्यायची का? फी वाढेल का?
— जि. परभणी

नाही, दोन्ही नाही. सीबीएसई म्हणजे केंद्रीय शिक्षण मंडळ, तुमची शाळा राज्य मंडळाचीच, माध्यम मराठीच, पुस्तकं बालभारतीचीच आणि मोफतच. २०२५-२६ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिलीचा अभ्यासक्रम बदलला, पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने बदलणार आहेत. सीबीएसई पॅटर्न हे शब्द बातम्यांत आले आणि त्यावरून हा घोळ झाला. आणखी एक बदल, पुस्तकात धडे झाले की लिहायला कोरी पानं असायची ना, ती पण २०२५-२६ पासून काढली, त्यामुळे वह्या परत लागणार. तेवढा खर्च धरून चला.

मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. आमच्याकडे आठवड्यातून एकदा अंडं मिळायचं, पोरं त्या दिवशी एकही दांडी मारायची नाहीत. ते बंद झालं. आता रोज खिचडी आणि कधी आमटी-भात. मुख्याध्यापक म्हणतात पैसे येत नाहीत. खरं आहे का? आम्ही काही करू शकतो का?
— एक आई, जि. धाराशिव

ताई, हेडसर खरं सांगताहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ, असं सुरू केलं होतं. जानेवारी २०२५ च्या निर्णयात अंडं आणि गोड पदार्थ यांच्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, लोकसहभागातून द्यायचं तर द्या असं आलं. हा निर्णय मला अजिबात पटलेला नाही. ज्या पोरांच्या घरी सकाळी चहा-बटर खाऊन शाळेत यायची पद्धत आहे त्यांना ते एक अंडं म्हणजे काय होतं हे त्या दिवशीची हजेरी बघितली असती तरी कळलं असतं. तुम्ही समितीत आहात तर ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा, की आमच्या शाळेत अंड्याच्या दिवशी हजेरी अमुक होती आणि आता अमुक आहे. हजेरीपटावरचा आकडा लिहा, भावना नुसत्या लिहू नका.

बाकी जे मिळायलाच पाहिजे ते तरी मिळतंय का ते बघा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. कॅलरी आणि प्रथिनांचं हे प्रमाण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातलं आहे, कुणाच्या मर्जीवरचं नाही. आता प्रथिनं काय मोजता येत नाहीत, पण आमटीच्या पातेल्यात पळी फिरवली की डाळ दिसते का पाणी, ते कोणत्याही बाईला कळतं. मुलांना वाढायच्या आधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची असते आणि वहीत सही करायची असते, ती वही मागा. समितीतल्या दोन आयांनी वार ठरवून घ्यावा, साडेबाराला जायचं आणि पोरांच्या पंगतीत बसून तेच ताट खायचं. तपासणी करायला आल्यासारखं नाही, जेवायला आल्यासारखं. स्वयंपाकी ताईंशी भांडू नका, त्या तुटपुंज्या मानधनावर, तेही महिनोन्महिने अडकलेलं, धुरात उभ्या राहून साठ-सत्तर पोरांचं रांधतात.

आणि अंड्याचं म्हणाल तर वाढदिवस, वर्षश्राद्ध, नवी गाडी, मुलगा नोकरीला लागला, अशा निमित्ताने गावातल्या माणसाला एक दिवसाचं अंडं नाहीतर फळ नाहीतर मटकीची उसळ द्यायला सांगता येतं. सरकारी भाषेत याला तिथी भोजन म्हणतात, काही ठिकाणी स्नेहभोजन. फक्त ज्याने दिलं त्याचा मोठा फोटो आणि पोरं हात जोडून उभी, असं करू नका हो, मुलांना ते लागतं. आमच्या शाळेमागे आम्ही शेवग्याची दोन झाडं लावली होती आणि हातपंपाच्या सांडपाण्यावर पालक-मेथीचे वाफे केले होते. पहिल्या वर्षी शेळ्यांनी सगळं खाल्लं. दुसऱ्या वर्षी पोरांनीच बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि चौथीच्या मुली मधल्या सुट्टीत राखण करायच्या. शेंगा आमटीत पडायला लागल्या तेव्हा पोरं आमटी मागून घ्यायला लागली, कारण शेंग कुणाच्या झाडाची यावर त्यांची भांडणं व्हायची.

गणवेश यंदा परत शाळेने शिवून घ्यायचा का? गेल्या वेळचा शर्ट मुलाच्या गुडघ्यापर्यंत होता.
— जि. नाशिक

हो. २०२४-२५ ला एक राज्य एक गणवेश केलं, कपडे उशिरा आले, मापं चुकली, ते तुम्ही भोगलंच. २०२५-२६ पासून अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीकडे आलेत. एका गणवेशाला ३०० रुपये धरतात, दोनचे ६००. गावातल्याच शिलाई करणाऱ्या बायकांना काम द्या आणि मापं पोरांना समोर उभं करून घ्या, थोडी वाढती.

आमच्या वाडीच्या शाळेत नऊ मुलं उरलीत. बाकीची घरं मुंबईला. गणपतीत चाकरमानी आले की म्हणतात आता शाळा बंद होणार, पोरांना चार किलोमीटरवर जावं लागणार, वाटेत पऱ्या म्हणजे ओढा आहे, त्यावरचा साकव, लहान पूल, मोडकळीला आलाय. मी याच शाळेत शिकलो, माझा मुलगा शिकला, आता नात आहे. काय करावं?
— एक आजोबा, जि. रत्नागिरी

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कायदा काय सांगतो ते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आणि त्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. तीस किंवा कमी मुलं असली म्हणून शिक्षक एकच असं कायद्यात नाही, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं आहे. तरीही वीसच्या आतल्या पटाच्या शाळांची यादी निघते, २०२३ मध्ये सरकारने अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली. तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजारांच्या वर होत्या. मोठ्या शाळेत मैदान, ग्रंथालय, वर्गाला एक शिक्षक हे सगळं मिळतं, हे मी नाकारत नाही, नऊ मुलांच्या शाळेत कबड्डीच्या दोन टीम होत नाहीत हेही खरं. पण जुलै महिन्यात कोकणातल्या पऱ्यावरून सहा वर्षांची नात कशी जाणार ह्याचं उत्तर कागदावर नसतं. आणि माझ्या अनुभवात लांबच्या शाळेत पहिल्यांदा सुटतात त्या मुली.

म्हणून गप्प बसून वाट बघू नका. समितीची सभा घ्या, प्रत्येक मुलाचं घर ते ती लांबची शाळा हे अंतर चालत जाऊन मोजा, साकवाचे फोटो पावसाळ्यातले काढा, सगळं ठरावाला जोडा, ग्रामसभेत तो ठराव मंजूर करून घ्या आणि केंद्रप्रमुख म्हणजे आजूबाजूच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, त्यांच्यापासून वर सगळ्यांना पोचपावती घेऊन द्या. एवढ्या कागदाने शाळा नक्की वाचेल असं मी म्हणणार नाही, पण बंद करताना त्यांना तुमच्या पऱ्याचं काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

आणि दुसरी गोष्ट, पट वाढू शकतो. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे एके काळी फक्त तीन मुलं उरली होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे गेले, गावकरी मागे उभे राहिले, पट शंभराच्या वर गेला आणि २०२५ मध्ये त्या शाळेला जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. तिथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे विषय मित्र, मुलंच मुलांना शिकवतात, मोठा लहानाला, ज्याला गणित येतं तो गणित. आता बघा, नऊ मुलांच्या शाळेत हे उद्यापासून करता येतं, कारण तिथे चारही इयत्ता तशाही एकाच खोलीत बसतात! पुण्याजवळचं गाव आणि तुमची वाडी यात फरक आहे, तिथे कामाला आलेली कुटुंबं असतात, तुमच्याकडची घरं कुलूपबंद, ते मला कळतं. पण आजूबाजूच्या दोन वाड्यांतली जी पोरं गाडीत बसून लांबच्या इंग्रजी शाळेत जातात त्यांच्या आईवडिलांना एकदा शाळेत बोलवा, नातीला त्यांच्यासमोर वाचायला लावा. आणि चाकरमान्यांना गणपतीत नुसतं बोलू देऊ नका, साकवाला वर्गणी मागा.

गुरुजी वर्गात मोबाईलवरच असतात अशी मुलगा तक्रार करतो. तक्रार कुठे करू?
— जि. अहिल्यानगर

दादा, आधी मोबाईलवर काय असतं ते विचारा. पोषण आहाराची रोजची माहिती, हजेरी, आधारची जुळणी, कसले कसले फॉर्म, सगळं त्याच एका मोबाईलवर, स्वतःच्या डेटावर आणि "आजच्या आज" असं वरून आलेलं असतं. जनगणना, आपत्तीतलं काम आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम द्यायचं नाही असं कायद्याचं कलम २७ सांगतं, पण प्रत्यक्षात काय चालतं ते गावाला दिसतंच. त्यात १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायचं, त्यामुळे वीस-बावीस वर्षं शिकवलेली माणसं आज रात्री अभ्यासाला बसताहेत. हे सगळं धरूनही वर्गाच्या वेळात मुलांकडे पाठ फिरवून मोबाईल बघत बसणं बरोबर नाही, ते तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. गुरुजींना भेटा, माहिती भरायची वेळ मधल्या सुट्टीनंतरची ठरवता येईल का विचारा, समितीत विषय घ्या. त्याने काही झालं नाही तर मग केंद्रप्रमुख. पहिल्याच दिवशी वरती अर्ज नको.

मुलाचा जन्म डिसेंबर २०२० चा आहे. जून २०२६ ला पहिलीत घालावं का? तो अजून "र" ला "ल" म्हणतो.
— एक आई, कोल्हापूर

नियमाने बसतो. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण असं धरतात, म्हणजे २०२६-२७ साठी ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जन्मलेलं मूल. पण बसतो म्हणून घालायलाच पाहिजे असं नाही. शाळेत एप्रिलच्या आसपास शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, त्याला घेऊन जा. तिथे टेबलं मांडलेली असतात, एका ठिकाणी उड्या मारायला, चेंडू झेलायला लावतात, एका ठिकाणी रंग-आकार वेगळे करायचे, एका ठिकाणी चित्र बघून गोष्ट सांगायची, मोजायचं, दुसऱ्या मुलांबरोबर खेळायचं. तो परीक्षा म्हणून नसतो, तुमच्या हातात एक कार्ड देतात आणि जूनपर्यंत घरी काय खेळायचं ते सांगतात. तिथे त्याला मजा आली, अनोळखी बाईंशी बोलला, चपला स्वतः घातल्या, शू लागली तर सांगता आलं, तर घाला. रडून तुमच्या पदरातच शिरला तर एक वर्ष अंगणवाडीत राहू दे, काही बिघडत नाही. "र" चं म्हणाल तर या वयात पुष्कळ मुलांचं असतं, सहा-साडेसहाला पण तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. त्याची नक्कल मात्र घरात कुणी करू नका.

शाळेत लेकीची सुरक्षितता कशी बघायची? बदलापूरपासून झोप उडालीय.
— एक आई, जि. रायगड

ताई, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं समोर आलं, तेव्हापासून सगळ्याच आयांची तीच अवस्था आहे. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी, २०२२ पासूनचा नियम आहे, आणि तक्रारपेटी. समितीत कोण आहेत त्यांची नावं फलकावर लिहिलेली आहेत का बघा. नसतील तर सभेत विचारा. मग जाऊन मुलींचं स्वच्छतागृह बघा, आतून कडी लागते का, पाणी आहे का, ते शाळेच्या मागे एकट्या कोपऱ्यात आहे का. छोट्या मुलींना जोडीने पाठवायची पद्धत आहे का. मुलांना आणायला रिक्षावाले किंवा व्हॅन येत असेल तर शाळेकडे त्यांची नोंद आहे का. आणि लेकीला रोज "आज काय शिकवलं" एवढंच न विचारता "आज कुणाशेजारी बसलीस, कुणी रागावलं का, कुठे कंटाळा आला" असं विचारत जा. पोरी सांगतात, आपण भाकरी थापताना अर्धवट ऐकतो.

बाई, मी अंगठेबहाद्दर. हे पत्र नातू लिहितोय, चौथीला आहे. त्यांच्या शाळेत शनिवारी दप्तर नसतं, खेळ आणि गोष्टी असतात. नातू म्हणतो आजी तू ये आणि गोष्ट सांग. मी शाळेची पायरी कधी चढले नाही. मला येऊ देतील का?
— एक आजी, जि. सातारा

आजी, येऊ देतील म्हणजे काय, हाताला धरून नेतील. त्याला आनंददायी शनिवार म्हणतात, २०२४ पासून पहिली ते आठवीला सुरू झालाय. त्यात योगासनं, प्रथमोपचार, रस्त्याचे नियम असं बरंच काही आहे, आणि खूप शाळांत शिक्षकांना प्रश्न पडतो की दर शनिवारी नवीन काय करायचं. तुमच्याकडे तर किती आहे. जात्यावरच्या ओव्या येत असतील, त्या म्हणा, पोरांनी जातं बघितलेलंसुद्धा नसेल. उखाणे येतात, कोडी येतात, बहात्तरचा दुष्काळ तुम्ही बघितला असेल, खडी फोडायला गेला असाल, सुकडी खाल्ली असेल, ते सांगा. गोष्ट अर्धी सांगून थांबायचं, उरलेली पुढच्या शनिवारी, म्हणजे पोरं वाट बघतात. नातवाला सांगा की आजी सांगेल ते वर्गाने वहीत उतरवून घ्यायचं, शुद्धलेखन नंतर बघू, आणि वहीवर तुमचं नाव घालायचं. एका शाळेत मी असंच केलं होतं, एका आजीने अठरा ओव्या दिल्या, मुलांनी त्या पुठ्ठ्याला शिवून पुस्तक केलं, आजीला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं पण कुठल्या पानावर कुठली ओवी ते तिला पाठ झालं होतं.

शनिवारी शाळा बहुतेक सकाळची असते, वेळ नातवाला आधी विचारून ठेवायला सांगा. जमिनीवर बसायला त्रास होत असेल तर बाईंना खुर्ची मागा, लाजू नका. आणि घरात सागरगोटे किंवा चिंचोके असतील तर ओच्यात बांधून न्या.